पेटीवर साथ : पु. ल. देशपांडे

आमच्या सोसायटीच्या गणपतीत कथाकथनाची स्पर्धा असते आणि त्यात दरवर्षी कोणी ना कोणी पुलंची ‘म्हैस’ सांगतंच. यंदा नववीतला एक मुलगा होता. इस्त्रीचा सदरा, चापून बसवलेले केस, हात मागे बांधलेले. पाठांतर असं, की कुठे एक अव्यय इकडचं तिकडे नाही. एसटीतली सगळी माणसं त्याने ओळीने हजर केली, आवाज बदलले, हेल काढले, घामही पुसला नाही. आणि मांडवभर माणसं गप्प. ज्यांना यातलं वाक्यन्‌वाक्य येतं, ती माणसं गप्प. मुलगा लहान म्हणून कौतुकाचं हसू होतं सगळ्यांच्या चेहऱ्यावर, पण ते ओठांवरच. तिसऱ्या रांगेतले एक आजोबा त्याचं पुढचं वाक्य आधीच पुटपुटले आणि त्यांच्या पुटपुटण्यावर शेजारचे दोघे खदखदून हसले. वाक्य तेच. मुलगा ते म्हणाला तेव्हा कोणी हसलं नाही. बक्षीसवाटप झाल्यावर त्याच्या वडिलांनी मला, म्हणजे परीक्षकाला, खुर्च्यांच्या थप्पीशी गाठलं. “सर, एक शब्द चुकला नाही हो त्याचा. मग कमी कुठे पडलं?” मी ‘सादरीकरणात सहजता हवी’ असलं काहीतरी परीक्षकी बोललो आणि चहाच्या टेबलाकडे सरकलो.

प्रश्न मात्र माझ्या मागोमाग घरी आला.

रात्री मूळ ध्वनिमुद्रण लावलं. बायकोने आवाज कमी करायला सांगितला, म्हणून कमी केला, आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. तिथे पंख्याच्या घरघरीत शब्द काही कळेनात. ऐकू येत होता तो नुसता आवाजाचा चढउतार. संथ, मग जरा सरकता, मग एकदम थांबलेला. मग प्रेक्षकांचा हशा, आणि हशा ओसरत आला की पुन्हा तो आवाज. मी ग्लास हातात धरून तसाच उभा राहिलो. शब्द काढून घेतल्यावर जे उरलं होतं ते सरळसरळ गाणं होतं. लय होती, सम (तालाची पहिली मात्रा) होती, मुखडा होता. हशा पूर्ण विझू द्यायचा नाही, तो उतरणीला लागला की त्याच्या शेपटावर पाय ठेवून पुढचं वाक्य उचलायचं. हशा अपेक्षेपेक्षा छोटा आला तर एक ‘हं’ टाकून मात्रा भरून काढायची. आणि मोठा आला तर बोलायचंच नाही. मुलाने शब्द सगळे पाठ केले होते. मात्रा केल्या नव्हत्या. त्याचा काय दोष? त्या छापलेल्या नसतात.

पुलंना आपण आधी लेखक म्हणतो, मग नट, मग वक्ता, आणि सगळ्यात शेवटी, ‘पेटीही छान वाजवायचे’. मला अलीकडे हा क्रम उलटा वाटायला लागला आहे. पार्ल्यात दत्तोपंत राजोपाध्यांच्या समोर बसून पोरवयात हातात आलेली पेटी ही पहिली. बाकीचं सगळं तिच्यातून निघालं. चांगल्या अर्थाने ते आयुष्यभर पेटीवालेच राहिले. आणि पेटीवाल्यांतही एकट्याने बसून बोटांची करामत दाखवणारे नव्हेत, साथ करणारे. वसंतराव देशपांड्यांच्या बैठकींची, कुमार गंधर्वांच्या, भीमसेनांच्या, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या सहवासाची जी वर्णनं आपण वाचत आलो, त्यांत हा माणूस कुठे बसलेला असतो ते आठवून बघा. मधोमध कधीच नाही. गवय्याच्या बाजूला, किंचित तिरका, डावा हात भात्यावर.

आमच्या आत्याकडे एक पेटी होती. काळी दोनच्या सुराला जरा खरखरायची, भात्याच्या घडीत झुरळं होऊ नयेत म्हणून आत्या कापूर टाकून ठेवायची, त्यामुळे झाकण उघडलं की देव्हाऱ्यासारखा वास यायचा. आत्या गावातल्या भजनी मंडळाला साथ करायची. मला शिकवायचा प्रयत्न तिने केला. माझी बोटं पळायची आणि ती हातावर चापट मारायची. म्हणायची, “अरे, त्यांच्या पुढे कुठे चाललास? त्यांनी वळण घेतलं की मग तू घे.” साथीचं सगळं शास्त्र त्यात आलं. गाणाऱ्याच्या मागे राहायचं, पण एवढंही मागे नाही की तो एकटा पडेल. तो जागा घेतो ती कानाने टिपून लगेच तिची सावली धरायची. तो श्वासाला थांबला की सूर तेवढा धरून ठेवायचा, म्हणजे परत येताना त्याला तो जिथे ठेवला तिथेच सापडतो. तो चुकला तर आपण अशा सुरावर उभं राहायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, असंच होतं ते. आणि समेवर मात्र दोघांनी एकदम यायचं. हे सगळं करताना आपल्याला त्या गाण्यातलं जास्त येत असेल तरी ते दाखवायचं नाही. साथीदार गप्प झाला की मगच तो होता हे कळतं.

आता त्यांची व्यक्तिचित्रं वाचा. किंवा ऐका, ऐकाच. अंतू बर्वा बोलत असतो तेव्हा ‘मी’ काय करत असतो? एखादा प्रश्न टाकतो, जुजबी. ‘हो का’ म्हणतो. रत्नागिरीच्या मधल्या आळीतला तो तिरकस म्हातारा तान घेतो, आणि हा बाजूला बसून सूर धरतो. रावसाहेबांच्या बाबतीत तर ते उघडच आहे. बेळगावची ती कानडी हेलाची, शिव्यांनी नटलेली, गाण्यानं वेडावलेली मराठी जशीच्या तशी समोर ठेवायची आणि आपलं शहाणपण मध्ये येऊ द्यायचं नाही. पेस्तनकाकांची पारशी मराठी, कोकणातलं आखूड कडवट बोलणं, चाळीतल्या त्या बिऱ्हाडकरूंची घासाघीस, प्रत्येकाचा ‘सा’ वेगळा. पेटीवाल्याला हे करावंच लागतं. आज गवई काळी एकमध्ये गाणार, उद्या बाई काळी चारमध्ये. पट्टी तो ठरवतो, तुम्ही नाही. बर्नार्ड शॉच्या नाटकावरून त्यांनी 1975 साली ‘ती फुलराणी’ केलं, त्याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही. उच्चारांवरून माणसाची जात-पात-गल्ली ओळखणारा भाषापंडित हा त्या नाटकाचा नायक. असलं नाटक मराठीत आणायला कानाने जगणारा माणूसच हवा होता. भक्ती बर्व्यांनी त्यात जे केलं ते आपण सगळे जाणतो, पण त्या संवादांत सूर आधी बसवलेले होते, ही बाब बोलली जात नाही.

‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी करायची हा प्रकारही त्यातलाच. एकपात्री म्हणजे सोलो, असं वाटतं. पण मंचावर एकटा असूनही हा माणूस सोलो वाजवत नव्हता. चाळीतलं एकेक बिऱ्हाड पुढे येऊन आपली चीज म्हणून जात होतं आणि हा त्यांची साथ करत होता, बस्स.

या पेटीच्या वेडाची एक गंमत आहे, आणि ती खुद्द त्यांच्या कथेत शोभावी अशी आहे. 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. जॉन फोल्ड्स नावाचा एक इंग्रज संगीतकार दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहत असे. त्याने 1938 मध्येच लेख लिहून पेटीला झोडपलं होतं. बारा ठोकळे स्वर, मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) नाही, श्रुती (मधले बारीक सूर) नाहीत, फिरंगी डबडं! स्वदेशीवाल्यांनाही ते पटलं, ही त्यातली आणखी गंमत. गोरा साहेब आणि त्याच्याविरुद्ध लढणारे, दोघांचं ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत झालं, त्यांत आपली पेटी होती. इंग्रज गेले, बंदी राहिली. पुढे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, म्हणजे आपलाच मराठी माणूस. त्यांनी सिनेमाची गाणीही हद्दपार केली आणि लोक रेडिओ सिलोनकडे पळाले. तर अशा या आकाशवाणीत 1955 साली पु. ल. देशपांडे नोकरीला लागले. ज्या इमारतीत पेटीला पाऊल टाकायची परवानगी नव्हती तिथे पेटीवाला टेबलखुर्ची घेऊन बसला! स्टुडिओत सारंगी रडवेली होऊन गवय्याच्या मागे धावत असताना या गृहस्थाच्या बोटांचं काय होत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. पुढे ते दिल्लीला गेले, दूरदर्शनच्या जन्मकाळी तिथे होते, आणि काही वर्षांनी सरकारी नोकरी सोडून पुन्हा रंगमंचावर आले. लोक म्हणतात, माणूस मोकळा होता, सरकारी चाकोरीत रमला नाही. असेल. मला वाटतं पेटीचंही थोडं असावं. हा माझा निव्वळ तर्क. पुरावा मागू नका.

याहून मोठी गंमत रवींद्रनाथांची. टागोरांना पेटीचा मनस्वी तिटकारा. शांतिनिकेतनात तिला थारा नव्हता, आणि आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रालाही त्यांनी पत्र लिहून ती आपल्या स्टुडिओतून हाकला असं सुचवलं होतं. आणि इकडे पुलंच्या आजोबांनी, ‘ऋग्वेदी’ दुभाषींनी, गीतांजली मराठीत आणलेली. नातवाच्या घरात रवींद्रनाथ देवासारखे. हा नातू पन्नाशीत, मानमरातब सगळे मिळाल्यावर, 1970 साली विद्यार्थ्यासारखा शांतिनिकेतनात जाऊन राहिला, बंगाली शिकला. ज्या ऋषीच्या अंगणात आपल्या वाद्याला मज्जाव, त्या अंगणात बसून गिरवायला लागला. मला हे फार लोभस वाटतं. भक्ती करायची तर देवाशी सगळ्या बाबतीत एकमत असलं पाहिजे, असली अट त्यांनी घातली नाही. नेमक्या पुढच्याच वर्षी, 1971 मध्ये, आकाशवाणीने दार किलकिलं केलं. ठरावीक श्रेणीच्या कलावंतांना साथीला पेटी घेता येईल. फक्त साथीला! एकल वादनाला तेव्हाही दार बंदच. सरकारला विनोद कळत नाही म्हणतात, पण कधीकधी तो त्याच्या हातून होऊन जातो. आणि प्रभादेवीला आज कधी गेलात तर पाहा, नाट्यगृहाचं नाव रवींद्र नाट्य मंदिर, आणि ज्या संकुलात ते आहे त्याचं नाव पु. ल. देशपांडे कला अकादमी. पेटी न चालणारे आणि पेटीवाले एका छपराखाली. तिथे नाटकाला गेलो की मध्यंतरात वडा खाताना मला या शेजारावरून हसू फुटतं आणि शेजारचा माणूस संशयाने बघतो.

सिनेमातले पुलं मी उशिरा पाहिले. 1953च्या ‘गुळाचा गणपती’त कथा त्यांची, संवाद त्यांचे, दिग्दर्शन, संगीत त्यांचं आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. त्यातला नाऱ्या हा साधाभोळा, सगळ्यांच्या पायात येणारा पोरगा. अभिनय म्हणून तो आज थोडा हातवाऱ्यांचा वाटतो, खोटं का बोला. पण त्याच सिनेमात भीमसेन जोशींचं ‘इंद्रायणी काठी’ आहे. गदिमांचे शब्द, चाल पुलंची. भीमसेन म्हणजे केवढा आवाज, समोर डोंगर असला तरी तो सरकवेल. त्याला पुलंनी चालीत अशी मोकळी जागा ठेवली आहे की आवाज आपसूक वारकऱ्यासारखा चालायला लागतो. चालीत कुठे ‘बघा मी काय केलंय’ नाही. ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी गायलेलं ‘माझिया माहेरा जा’ ऐका, अभिषेकीबुवांचं ‘शब्दावाचून कळले सारे’ ऐका. पाडगावकरांची ओळ जशी बोलली जाईल तशीच ती सुरात पडते. संगीतकार गाणाऱ्याच्या मागे सरकून उभा राहिला आहे. ऐकून झाल्यावर आपल्याला बुवा आठवतात, बाई आठवतात, कवी आठवतो. चाल कोणाची, हे बहुतेकांना शोधावं लागतं. मला तर ‘शब्दावाचून’ची चाल पुलंची आहे हे पंचविशीत कळलं, तेही कॅसेटच्या पुठ्ठ्यावरची बारीक अक्षरं वाचताना.

इथवर लिहिलं आणि वाटलं, आरती झाली. तर थोडं दुसरंही.

मला मधली काही वर्षं पुलंचा कंटाळा आला होता. त्यांचा नव्हे तितका, त्यांच्या भोवतीच्या आपल्या लोकांचा. लग्नाच्या बसमध्ये, सहलीत, साठीशांतीत, अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला, जिथे बघावं तिथे तीच वाक्यं, तीच माणसं, तोच ‘हल्ली असं राहिलं नाही हो’चा सुस्कारा. त्यांनी कधीही न म्हटलेली वाक्यं त्यांच्या नावावर फोनवरून फिरतात, खाली गुलाबाचं फूल. आणि स्वस्थ बसून पाहिलं तर त्यांची ती दुनिया तशी अरुंदच. चाळ, वाडा, शाळामास्तर, कोकण, गिरगाव. बायका त्या मानाने थोड्या, आणि असल्या तरी बहुधा चहा घेऊन येणाऱ्या. एका मैत्रिणीने मला तोंडावर सांगितलं, “तुझे पुलं कोणाशी भांडत नाहीत, म्हणून मला आवडत नाहीत.” मी लगेच आणीबाणीनंतरच्या 1977च्या सभांचा दाखला दिला; तिथे ते भांडले, चांगलेच भांडले. ती म्हणाली, “व्यासपीठावर रे. लिहिताना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. साथीदाराची मर्यादा हीच असावी. गाणाऱ्याशी भांडता येत नाही. तो सांगेल त्या वळणाने जायचं, त्याला सावरून घ्यायचं, त्याचं बेसूर झाकायचं. त्यामुळे पुलंची माणसं किंचित जास्त गोड झाली का? झाली असतील. खऱ्या आयुष्यातला चाळकरी त्याहून कोता असतो आणि खऱ्या मास्तरची छडी जास्त लागते.

पेटीला मींड नाही हा फोल्ड्ससाहेबाचा मुद्दा खोटा नव्हता. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. मधली सगळी अंधारी जागा पट्ट्यांच्या फटीत राहते. पण ज्यांनी चांगला पेटीवाला ऐकला आहे त्यांना माहीत आहे, तो भात्याचा दाब आणि बोटांची घाई-सबूर यांच्यावर मींडीचा भास करून दाखवतो. सूर नसतो, ऐकू मात्र येतो. अंतू बर्व्याच्या गोष्टीत, घरात वीज घेण्याविषयी तो म्हातारा जे बोलतो, तिथे पुलंनी हे केलं आहे. बोलतो थट्टेतच. आणि ती थट्टा ऐकताना त्या घरातलं सगळं दारिद्र्य आणि एकटेपण अंगावर येतं. सभागृहात तिथे आधी हशा येतो आणि मग तो हशा मध्येच तुटतो. ध्वनिमुद्रणात नीट ऐकू येतं. त्या तुटण्यानंतर पुलं जेवढा वेळ गप्प राहतात, तेवढा वेळ गप्प राहायला किती धाडस लागत असेल! सगळं आयुष्य ज्याने हशे मोजले, त्याला शांततेचीही मात्रा माहीत होती. मैत्रिणीला मी हे ऐकवलं. ती म्हणाली, “हे एक ठीक आहे.” तिच्याकडून एवढं म्हणजे भरपूर झालं.

सुनीताबाईंचं नाव या लेखात इतक्या उशिरा यावं, हे जरा विचित्रच. साथीदाराला कोण साथ करत होतं, हा प्रश्न 1990 नंतर मराठी माणसाला टाळता येईनासा झाला, कारण त्यांनी स्वतःच तो ‘आहे मनोहर तरी’ या पुस्तकात मांडला, आणि मांडताना नवऱ्याला सोडलं नाही. आमच्या घरात तेव्हा दोन तट पडले होते. आई सुनीताबाईंच्या बाजूने, वडील ‘घरातलं घरात ठेवायचं’वाले. पण मग पुलं आणि सुनीताबाई या दोघांनी बोरकरांच्या, मर्ढेकरांच्या कविता म्हणून दाखवण्याचे कार्यक्रम केले होते, त्याचं ध्वनिमुद्रण लागलं की आईवडील दोघंही कामं टाकून बसत. दोन आवाज, पैकी एक मुद्दाम काही न करणारा, कवितेला हात न लावता तशीच उचलून आणणारा. तो सुनीताबाईंचा. त्या बैठकीत पुलं अनेकदा ऐकणाऱ्याच्या जागी आहेत असं वाटतं. म्हणजे बेसूर झाकून घेणाऱ्याला घरात एक माणूस असं मिळालं होतं, जे बेसूर झाकत नव्हतं. शेवटच्या वर्षांत कंपवाताने पुलंचे हात थरथरायला लागले. पेटीवाल्याला हे व्हावं, याला काय म्हणायचं. 12 जून 2000 ला ते गेले. लग्नाचा वाढदिवस होता तो, चोपन्नावा.

डिसेंबरात भाचीच्या बालवाडीचं स्नेहसंमेलन होतं. रंगीत तालमीला तिला सोडायला गेलो, तर ‘नाच रे मोरा’ चाललं होतं. 1953च्या ‘देवबाप्पा’तलं गाणं, गदिमा, आशाबाई, चाल पुलंची. सत्तर वर्षं झाली तरी चार वर्षांच्या पोरांचे पाय आपोआप त्या ठेक्यावर पडत होते; एकही पोरगं मात्रा चुकत नव्हतं, शब्द मात्र सगळ्यांचे चुकत होते. पिसारे पुठ्ठ्याचे, त्यातले दोन आधीच फाटलेले. मला राहवेना. बाईंना म्हटलं, ही चाल पु. ल. देशपांड्यांची आहे, ठाऊक आहे ना? बाई सेफ्टी पिन दातात धरून एका मोराचं धोतर सावरत होत्या. पिन काढून म्हणाल्या, “हो? मला वाटलं पारंपरिक आहे.” मी खूश होऊन अजून काही सांगणार, तेवढ्यात त्यांनी पिन पुन्हा दातात धरली आणि माझ्या हातात एक मोर दिला. “हा रडतोय. जरा बाहेर फिरवून आणा, तोवर आम्ही कडवं पुढे घेतो.”